आज्यावर गेलेली

बाबा,

तुम्ही उशिरा बोलायला लागलात, हे आपल्या घरात इतक्यांदा सांगितलं गेलं की ते खरं आहे का, असं कुणी विचारलं नाही. तुम्हाला तर नाहीच. माझी मुलगी तुम्ही पाहिली नाही, ती तुमच्यानंतर झाली. तिसरं वर्ष उलटलं तरी ती बोलत नव्हती. आई म्हणायची, "आज्यावर गेली पोरगी. ते बी सात वर्साचे होयेपावत बोलले नाही. मंग मास्तर झाले त सारी शाळा त्याइचंच आयके." हे वाक्य आम्हाला पुरत होतं. माझ्या नवऱ्यानंही ते घेतलं, हिंदीत. "नानाजी पे गई है," तो लोकांना सांगायचा. आई झाडाखालचे पोपटानं चोच मारलेले पेरू शोधून आणायची. पोपटाचं उष्टं खाल्लं की मुलाची जीभ सुटते म्हणतात. मुलीला पेरू आवडायचे. ती खायची.

ताप आला म्हणून मी तिला बालाघाटला, मुलांच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी तापाची औषधं लिहिली आणि विचारलं, किती शब्द बोलते. मी सांगितलं, "मेरे पिताजी भी देर से बोले थे." ते म्हणाले, "देर से मतलब? देखा किसने था?" मुलीच्या पाठीमागं जाऊन त्यांनी टेबलावर चमचा आपटला. ती पेनाचं टोपण फिरवत राहिली. "मन नहीं होगा, ऐसा भी हो सकता है," असं म्हणून त्यांनी कानाच्या तपासणीची चिठ्ठी लिहिली. मी विचारलं, घरी वाचण्यासारखं काही आहे का. त्यांनी ड्रॉवर उघडला. आत लसीकरणाचे कागद होते. "सच कहूँ, मैं खुद ढूँढता रहता हूँ. अंग्रेज़ी में बहुत है. आपके हाथ में देने लायक कुछ नहीं." मग त्यांनी माझ्या मोबाइलवर एक संकेतस्थळ उघडून दिलं.

त्याचे दोन भाग होते. एक आईबापांसाठी, एक डॉक्टरांसाठी. आईबापांच्या भागात गालिचा घातलेली खोली होती, खेळण्यांची कपाटं होती, हसणारी माणसं होती. मी स्वयंपाकघरात चुलीजवळच्या ओट्याला टेकून ते बघितलं आणि बंद केलं. डॉक्टरांचा भाग रुक्ष होता. तो मला जास्त समजला. तिथं लिहिलं होतं, घरात कुणी उशिरा बोललं असं पालकांनी सांगितलं तर नीट विचारा. किती उशिरा, कुणी पाहिलं, कोणत्या भाषेत. कोणत्या भाषेत, यापाशी मी थांबले.

मी लहान आहे, बसस्टँडवर तुम्ही उभे आहात. शाळा सुटून आलेले, शर्टाच्या बाहीवर खडू. मी म्हणते, "मेरेको पानी दो." तुम्ही बाटली हातातच धरता. "मेरेको काय असते? मले म्हन." आजूबाजूची माणसं बघतात. मी "मले" म्हणते आणि मग पाणी मिळतं. दिवसभर हिंदी शिकवायचात आणि घरी येताना ती शाळेतच ठेवून यायचात. मला तेव्हा तो तुमचा कडकपणा वाटायचा.

मी लांजीला आत्याकडं गेले. ती अंगणात मोहाची फुलं पसरत होती.

"कोन म्हनते उशिरा बोलला?" ती हसली. "घरी त त्याचं तोंड बंदच नाही होये. मी मारो त्याले, चूप बस म्हनून."

"मग सात वर्षं?"

"ते शाळेतलं. शाळा हिंदीची. गुरुजी इचारे, याले समजे नाही, हा चूप. गुरुजीनं आमच्या बुढ्याले, तुया आज्याले, सांगतलं, लड़का गूंगा है. दोन-तीन सालं घरी मस्त हसलो आमी त्याच्यावर." मग ती थांबली. "काहून, तुले कोनी सांगतलं नाही?"

"नाही."

"तुनं इचारलंच नसंन."

परतीच्या बसमध्ये मुलगी मांडीवर झोपली होती. कंडक्टर कानाशी शिट्टी वाजवत होता. ती उठली नाही. मी आधीही हे पाहिलं असेल. गाढ झोपते, असं म्हटलं असेल.

तपासणी गोंदियाला झाली. दोन्ही कानांनी फार थोडं ऐकू येतं. तिथल्या बाईंनी विचारलं, इतका उशीर का केला. मी म्हटलं, घरात गैरसमज होता. त्यांनी पुढं विचारलं नाही. निघताना एक कागद दिला, मराठी. गोंदिया आपल्यासारखं मध्य प्रदेशात नाही, महाराष्ट्रात आहे, हे माझ्या ध्यानात नव्हतं. समोर बसा, तोंड दिसू द्या, घरातली बोली बोला, दिवसभर बोलत राहा. मी त्याचा फोटो डॉक्टरांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "हिंदी कर देंगी?" करून दिलं. आता त्यांच्या टेबलावर त्याच्या प्रती असतात. एक बाई परसवाड्याहून येऊन घेऊन गेली, असं ते म्हणाले. मला बरं वाटायला हवं होतं.

आईला आत्याचं सांगितलं. ती भाजी निवडत होती. "मले जे सांगतलं तेच मी सांगतलं," ती म्हणाली आणि निवडत राहिली.

कानातल्या मशिनी आल्या आहेत. मुलगी त्या ओढून काढते, मी परत बसवते. तिच्यासमोर बसते. ताट म्हणते, पाणी म्हणते, भात म्हणते. मग संपतं. उत्तर न देणाऱ्या मुलीशी मी केव्हापासून बोलत नव्हते, ते मला कळलंच नव्हतं. म्हणून हे लिहायला घेतलं. लिहिते आणि तिला मोठ्यानं वाचून दाखवते. ती माझ्या तोंडाकडं बघते, मग दुसरीकडं बघते. हे कुठं पाठवायचं नाहीच. आणि खरं सांगायचं तर तुमची आठवण आली म्हणूनही लिहिलेलं नाही. दिवसभर बोलायला माझ्याकडं दुसरं काही नव्हतं.