आंबूस वास

४ फेब्रुवारी
आज पुन्हा तो वास! दस्तऐवजांच्या कोपऱ्यातल्या कपाटाशी. आंबूस — दूध नासल्यासारखा. शिपायाला विचारलं. "छे, मला तर काहीच वास येत नाही, मॅडम." सर्दी झाली असेल मेल्याला.

६ फेब्रुवारी
घरी विसरलेला चष्मा द्यायला वहिनी कार्यालयात आली. दारातच नाक मुरडलं. "वन्सं, इथं काय नासलंय हो?"
म्हणजे मला भास होत नाहीये.

७ फेब्रुवारी
कपाट उघडलं. वास माझ्याच फिल्मला!
हात लावला की तुकडे पडतात अशा जुन्या कागदाला दोन्हीकडून पारदर्शक फिल्म गरम दाबून चिकटवायची — ही पद्धत या देशात मी आणली. सरकारी अभिलेखागाराची पहिली संचालिका झाले ती तिच्याच जोरावर. लोकांच्या जमिनी, जन्म, लग्नं, सगळं त्या फिल्ममध्ये बंद केलं. एका कनिष्ठाने शंका काढली होती, पुढे ही फिल्मच कागद खाईल म्हणून. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं सगळ्यांसमोर सुनावून त्याला आवक-जावकला बसवलं होतं.
आज चिमट्याने एक कड उचलली. फिल्मबरोबर शाईही सुटून आली. तिथे कुणा बाईचं नाव होतं, ते आता वाचता येत नाही.

८ फेब्रुवारी
ताट तसंच बाजूला सारलं. दादा म्हणाला, "पांढरीफटक दिसतेस, डॉक्टरकडे जाऊया." काय सांगू त्याला!

१० फेब्रुवारी
महिनाअखेरीला निवृत्ती. सभागृहाला माझं नाव देणार म्हणे! ही भीती कशासाठी? कागदांसाठी की नावासाठी? खरं लिहायचं तर आधी नावासाठी. लाज वाटते.
गप्प बसले तर झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणाला कळणार आहे? पण शेजारच्या कपाटातूनही वास यायला लागलाय.

१२ फेब्रुवारी
उद्या उपसंचालिकेला सांगणार. माझ्याच हाताखाली शिकली, माझ्याच खुर्चीत बसणार आहे. ती काय म्हणेल?

१३ फेब्रुवारी
सांगितलं. ती दचकलीच नाही.
"माहीत आहे, मॅडम," खाली बघत म्हणाली. "दोन-तीन वर्षं झाली वास यायला लागून. तुमच्यासमोर कोण बोलणार? आम्ही सगळे तुमच्या निवृत्तीची वाट बघत होतो."