प्लस चारशे जूल

४ मे, अकोला
लिहायचं टाळत होतो. लिहिलं असतं तर भीती वाटते हेही लिहावं लागलं असतं. वाटते. थोडी.
खोलीमालक खुशालराव रिटायर्ड जमादार. नुसतं 'बसा' म्हणाले तरी कबुली द्यावीशी वाटते. मी फिजिक्सवाला असं खोटंच सांगितलं म्हणून खोली फुकट. बदल्यात त्यांच्या मुलाला, अंकुरला, बारावीचं शिकवायचं. पकडला गेलो तर सरळ चांदूर रेल्वे, बाबांची पिठाची गिरणी.

५ मे
अंकुरने गणित आणलं. सिलिंडर असा, की उष्णता आत येत नाही, बाहेर जात नाही. गॅस फुगतो, पिस्टन ढकलतो, चारशे जूल काम करतो. आतल्या ऊर्जेत फरक किती? उद्या पाहू म्हटलं असतं, पण खुशालराव दारात. म्हटलं, प्लस चारशे. लॉजिक पक्कं आहे. अकोल्याच्या उन्हात टायर फुगतं ते तापूनच. फुगलं म्हणजे तापलं, म्हणजे ऊर्जा वाढली. खुशालराव म्हणाले, वा सर.
झोप नाही.

७ मे
अंकुरच्या क्लासच्या सरांनी त्याच गणिताचं उत्तर मायनस सांगितलं. अंकुर भर वर्गात म्हणाला, आमचे घरचे सर चुकत नाहीत. या पोराले कोणी सांगितलं होतं बोलायले? धडा आता वाचणारच.

८ मे
वाचायला शांतता पाहिजे म्हणून मूर्तिजापूरला गेलो. बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेच्या रुळांवरून बरंच चाललो. खूप शांत. पुस्तक खोलीवरच राहिलं.

९ मे
प्रयोग केला. अंकुरच्या सायकलची हवा सोडून वॉल्व्हवर बोट धरलं. गार. मे महिन्यात, अकोल्यात, गार. बाहेरून उष्णता मिळत नसेल तर गॅस काम करणार ते जवळच्या ऊर्जेतूनच. तेवढी कमी होणार. मायनस चारशे.
खुशालरावांच्या पत्नी गोदाबाई विचारत होत्या, पोराच्या सायकलची हवा काहून सोडली जी?
उद्या खरं सांगतो. चहा झाल्यावर.

१० मे, सकाळ
चहा झाला. तोंड उघडणार तर खुशालरावच बोलले, क्लासच्या सरांना संध्याकाळी बोलावलंय, होऊ द्या समोरासमोर. "घाबरू नका सर, मी हावो ना." त्यांचीच तर भीती. वरूडच्या दोस्ताला बरेच दिवस भेटलो नाही. भेटायला पाहिजे.

दुपार
बॅग घेऊन जिना उतरत होतो. फाटकात मोटरसायकल. क्लासचे सर दुपारीच आले. टक्कल, चष्मा असं कोणी असेल वाटलं होतं. हा तर नागसेन. अमरावतीला बारावीत माझ्याच बाकावर बसायचा. पळत वर आलो. कडी लावून लिहितोय.
खाली खुशालराव म्हणून राहिले, थांबा, आमच्या सरांना हाक मारतो.
नागसेन म्हणतो, "सरांचं राहू द्या काका, आधी त्या पिंट्याले बोलवा. बॅग घेऊन कुठी पळून राहिला होता?"