फाट्यावरची हाक

हो ची मिन्ह सिटी
९ फेब्रुवारी २०२५

ती. दिपमालाअक्का हिस,
धाकट्या कुंदनचा सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र लिहायचं लांबवत होतो, हे आधीच सांगून टाकतो. कागद कधीचा आणून ठेवलाय. त्यावर लसणाची टरफलं पडली, मग चहाचा कप ठेवला. वरचा गोल डाग तोच. फोन करता आला असता, पण फोनवर आपण दोघं जेवलीस का, जेवलास का याच्या पुढे जात नाही. आणि माय तर बोलतच नाही. तिचा नुसता श्वास ऐकू येतो, आणि मागे फाट्यावरच्या ट्रकांचे हॉर्न. मग मीच ठेवून देतो.

काम ठीक आहे. इंडियन हॉटेल आहे, मी मागच्या बाजूला कांदा, लसूण आणि तंदूर बघतो. इथल्या लोकांना शेवभाजी करून घातली तर रडतील. एकदा घालणार आहे.

इथला रस्ता कसा सांगू? दिवाळीच्या आदल्या दिवशी आपला पाचकंदीलचा बाजार असतो ना, तसा इथे रोज. कांद्याची गोणी फुटावी तशा स्कूटरी येतात. सिग्नल आहे, पण त्याला बघायला कोणी रिकामं नाही. परवा एका स्कूटरवर उभा फ्रिज पाहिला. मागे बसलेल्याने त्याला मिठी मारली होती. दाजींना सांग, हसतील.

तर गोष्ट अशी, की मी इथे आल्यापासून रस्ता ओलांडलाच नव्हता. हॉटेल, खोली, भाजीवाली, सगळं एकाच बाजूला. शेठ म्हणायचे पलीकडून कोथिंबीर आण, की माझा पाय दुखायचा. ते मला लंगड्याच म्हणायला लागले. भीती वाटते असंही नाही, अक्का. कडेला उभा राहतो आणि आत काहीच होत नाही. पाय उचल असा निरोपच पायापर्यंत जात नाही. दादा गेल्यापासून बऱ्याच बाबतीत असंच आहे.

हॉटेलबाहेर एक म्हातारी तांदळाच्या शेवयांचं सूप विकते. तिला सगळे ‘बा’ म्हणतात, म्हणजे आजी. तिने मला रोज कडेला उभं राहिलेलं पाहिलं असणार. एके सकाळी तिने माझं मनगट धरलं आणि चालायलाच लागली. मधोमध मी पळायला गेलो तर तिने मनगट दाबलं. खुणेनं सांगितलं की हळू. पळायचं नाही, अडायचं नाही, एका चालीनं जायचं. स्कूटरवाले आपली चाल बघतात आणि बाजूनं निघून जातात. कोणी शिवी देत नाही. पलीकडे पोचलो तेव्हाही काही वाटलं नाही. फक्त मनगट दुखत होतं.

पलीकडे त्यांचा विहार आहे. ती रोज तिथेच जाते. बुद्ध सोनेरी, समोर संत्री, आणि खोकला येईल इतकी उदबत्ती. मी दाराशीच बसलो.

मायला हे वाचून दाखव. सूपवालीचं तरी दाखवच.

लोभ असू दे, आणि कमी झाला तर तसंही कळव.

तुझा
कुंदन

धुळे
१६ मार्च २०२५

चि. कुंदन यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम. वि. वि.

तुझं डागाळलेलं पत्र मिळालं. बारावी अर्ध्यात सोडून तू सुरतेला गेलास, तिथून पुण्याला, तिथून नकाशातही सापडेना अशा गावी. तुझा पाय कधी एका जागी ठरला नाही, आणि तूच रस्ता ओलांडत नव्हतास, हे वाचून राकेश हसले.

माझं म्हणशील तर सातवा लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी, पण डॉक्टरबाईंनी अंथरुणातून उठायलाही मनाई केली आहे. म्हणून माय इथे यावी असं फार वाटतं. राकेश गाडी घेऊन आणायला गेले होते. ती गाडीत बसली, आणि गाडी हायवेला लागताच पदर तोंडावर घेऊन उतरून घरात गेली. मी येवाव नही, एवढंच म्हणाली. विहारही रस्त्यापलीकडेच, तर पौर्णिमेलासुद्धा जात नाही. दोन पावसाळे झाले, तिने तो रस्ता ओलांडलेला नाही.

तुला ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण आपण दोघांनी हे कधी उच्चारलं नाही. त्या सकाळी दादा डबा विसरला होता. धुळ्याची बस पलीकडे थांबते म्हणून तो घाईने रस्त्यात शिरला. मायने ओट्यावरून डबा दाखवून हाक मारली. तो मधोमध वळला. पुढचं लिहीत नाही. तो डबा तिने माळ्यावर टाकलाय, आणि हाकही कोणाला मारत नाही. कोंबड्यांनासुद्धा नाही.

तुझं पत्र राकेशनी तिला वाचून दाखवलं. सगळं ऐकलं, आणि एकच विचारलं, तठे मांगून कोनी हाक मारस का? राकेश कागद उलटसुलट करत राहिले. म्हणाले, तसं काही लिहिलेलं नाही. तर तेवढं लिही. मला माय इथे हवी आहे, कुंदन. बाकी बायका मदतीला आहेत, पण माय ती माय.

जिवाला जप, आणि आठवण आली की लिही. आठवण नाही आली तरी लिही.

तुझी
अक्का

हो ची मिन्ह सिटी
१३ एप्रिल २०२५

ती. अक्का,
सप्रेम जयभीम.

या वेळी उशीर केला नाही, पण मला उत्तरच माहीत नव्हतं. अंदाजानं लिहिलं असतं तर मायनं ओळखलं असतं. म्हणून सुट्टीला बाच्या बुटक्या स्टुलावर बसून रस्ता बघत राहिलो. तिला वाटलं मला जेवायला पैसे नाहीत, तिने फुकट सूप पाजलं. त्यात तुळशीसारखा पाला असतो, पण वास बडीशेपेचा. असो. इथून पुढचं मायसाठी आहे, दाजींना म्हणावं सावकाश वाचा.

माय, मारतात. इथेही मागून हाका मारतात. मी डोळ्यांनी पाहिलं. शाळेत जायला निघालेली एक पोरगी रस्त्याच्या मधोमध होती. तिची आई कडेवरून ओरडली, हातात तिचा पिवळा रेनकोट. पोरगी तिथेच वळली. उभी राहिली. मग परत आली, रेनकोट घेतला, आणि पुन्हा गेली. तेवढ्या वेळात कितीतरी स्कूटरी, एक टेम्पो आणि एक बस आली. सगळे तिला वळसा घालून गेले. बसवाला तर चक्क थांबला. आई तोवर दुसऱ्या बाईशी बोलायलाही लागली होती.

मी मग तेच बघत बसलो. आया हाका मारतातच, माय. डबा राहिला, टोपी राहिली, पैसे राहिले. पोरं वळतातच. हाकेनं कोणाला काही होत नाही. आपल्या फाट्यावर दादा वळला, ते बरोबरच केलं, आईची हाक आली की माणूस वळतो. तो ट्रक वळला नाही. एवढंच झालं.

अक्का, हे लिहून झाल्यावर मी एकटा रस्ता ओलांडून विहारात गेलो. दादाच्या पुण्यानुमोदनाला सगळे वंदना घेत होते तेव्हा मी मंडपामागे खुर्च्या रचत होतो. मला तेव्हा ते सगळं खोटं वाटत होतं. आता खरं वाटतं असं म्हणत नाही. पण इथे न ओळखता, न बोलता हजार माणसं मला जाऊ देतात, त्यावर विश्वास ठेवूनच पाऊल टाकावं लागतं. दुसरा मार्गच नाही. तर बसलो, आणि त्रिशरण म्हटलं. पुढे बसलेल्या बाला फक्त ‘बुद्धं’ कळलं असावं, तिने वळून बघितलं आणि माझ्यासमोर एक संत्रं ठेवलं. दादाच्या नावानं खाल्लं. आंबट होतं.

मायला माझा नमस्कार, दाजींना जयभीम, आणि येणाऱ्या पाहुण्याला सांग की मामा लंगडा नाही.

तुझा
कुंदन

धुळे
८ मे २०२५

चि. कुंदन यास,
आशीर्वाद, जयभीम.

तुझं पत्र पोचलं. राकेशनी गेल्या रविवारी मायला वाचून दाखवलं. रेनकोटचं तिने पुन्हा वाचायला लावलं, मग आणखी एकदा. नंतर उठली आणि कळण्याच्या भाकरीचं पीठ चाळायला बसली. राकेश खाली मान घालून परत आले. म्हणाले, माय दगड झाल्यात. मीही मग आशा सोडली. शेजारच्या सुनंदाबाईंना विचारून ठेवलंय, बाळंतपणाला त्या थांबतील. चांगल्या आहेत, फक्त बोलतात फार. मला आतून रडूही येत नाही. तू लिहिलंस तसंच, निरोप जात नाही.

ऊन फार आहे. कूलरचं पाणी दुपारपर्यंत संपतं. तू म्हणतोस ती शेवभाजी त्या लोकांना

इथे थांबले होते. कडी वाजली. सुनंदाबाईच असतील म्हणून पडल्या पडल्याच सांगितलं की दार उघडंच आहे. पण कोणी आत येईना.

दारात माय उभी आहे. एकटी. राकेश कामावर आहेत, तिला आणायला कोणी गेलेलं नव्हतं. बसनं आली म्हणते, आणि बस तर पलीकडेच थांबते. पदराला घाम पुसतेय. हातात दादाचा डबा आहे, घासून लख्ख केलेला. दारातूनच माझ्या नावानं ओरडून म्हणाली की भाकर गार होईल, आधी खाऊन घे.

कुंदन, तिने हाक मारली.

पत्र अर्धंच टाकते, मला उठायचं आहे.

तुझी
अक्का