तृषासुराची शेवटची पानं

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज पुन्हा यशोधरेचा फोन. उचलला नाही. मशीनवर होतो म्हणून सांगता येईल, आणि होतोच. पण सुया डाव्या हातात, उजवा मोकळा होता. फोन उशापाशी वाजत राहिला. शेजारच्या खुर्चीवरचा प्रज्वल माझ्याकडे बघत राहिला.

तिला काय हवंय ते ठाऊक आहे. मी हो म्हणायला हवंय. तिची किडनी मला, आणि त्याआधी दोघांनी तपासणीला जायचं. एकुलती मुलगी. अंबरनाथला राहते, नोकरी करते, तिची राजसी आत्ता कुठे पहिलीत गेलीय. माझ्यासाठी हिच्या अंगावर चिरा? आणि उद्या राजसीला गरज पडली तर? मुलगी म्हणून कर्तव्य वाटतंय तिला, दुसरं काय. लोक काय म्हणतील हेही असेल. नंतर पस्तावली तर तोंडाने बोलणार नाही. मला मात्र दिसेल.

प्रज्वलने आज एक जुनं हिंदी कॉमिक आणलं, रद्दीवाल्याकडून. पंचवीस-सव्वीसचं पोरगं, कुरिअरच्या गोदामात होता, आता आमच्यासारखाच मंगळ-गुरू-शनिवार. उल्हासनगरच्या या डायलिसिस सेंटरवर दुपारच्या पाळीत आमच्या खुर्च्या ठरलेल्या. त्याने वाचून दाखवलं. दोन वेगळ्या कंपन्यांचे हिरो एकाच पुस्तकात! असं तेव्हा क्वचित व्हायचं म्हणे. एका कंपनीचा शिलाधर, अंग दगडाचं. दुसरीचा रजतपंख — उडतो, ढग ओढून आणतो. आणि दोघांनाही आवरेना असा तृषासुर. नद्या पितो, विहिरी पितो, माणसाला हात लावला की माणूस सुकून जातं.

शेवटची पानंच फाटलेली. त्याला कोणी मारलं, कळत नाही.

समोरच्या खुर्चीवर परसराम असतो, कपड्याचा सिंधी व्यापारी. तो म्हणाला, "मी तर तृषासुराच्या पार्टीत. निदान पोटभर पाणी तर पितो, साईं."

सगळे हसले. आम्हाला पाणी मापाने. मीही हसलो आणि लगेच घसा कोरडा पडला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज खुर्च्यांवर टेकलो नाही तोच सुरू. परसरामने तृषासुराला सोडून शिलाधर धरला. दगडात पाणीच नाही, तो पिणार काय? हे त्याचं म्हणणं. प्रज्वल रजतपंखाचा. त्याचा नियम आहे — नुसतं बोलायचं नाही, पान दाखवायचं. त्याने पान दाखवलं. तृषासुर शिलाधरचा हात धरतो आणि हाताला तडा जातो. दगडातही ओल असते, ती गेली की भुगा. परसराम म्हणे चित्र काढणाऱ्याची चूक आहे. प्रज्वल एवढा तावातावाने बोलायला लागला की त्याचं मशीन वाजलं. कुंदा सिस्टर धावत आल्या. हिरो राहू दे, तुझं बीपी बघ म्हणाल्या.

माझ्या मनात वेगळंच घोळत होतं. विचारू की नको, विचारू की नको — शेवटी विचारलं. हा एवढं पाणी पितो, ते जातं कुठे? लघवीला गेलेला एकाही पानावर दाखवलेला नाही.

आमच्यातला कोणी ते हसण्यावारी नेईना! मग कुंदा सिस्टरच म्हणाल्या, हिरो कशाला हवा, आठवड्यात पाय सुजून, दम लागून आपणहून इथे दाखल होईल.

"आपल्या पाळीत खुर्ची नाही द्यायची त्याला," परसराम म्हणाला. "मशीन पिऊन टाकेल."

खूप दिवसांनी दुपार कधी सरली कळलं नाही.

७ फेब्रुवारी

पाय सुजलेत. बायको, सरस्वती, म्हणते वरणात मीठ नव्हतंच. मग चव कशी आली? म्हणजे जिभेचंही काहीतरी बिघडलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

प्रज्वलने पुस्तक घरी न्यायला दिलं. सातवीपर्यंतचं माझं शिक्षण, त्यात हिंदी, त्यात अक्षर बारीक. बोट ठेवून वाचतो. कात्रपला घरी पोचेपर्यंत रिक्षात दोन-चार पानंच झाली, वर पान दुमडलं म्हणून जीव थोडाथोडा झाला. दुसऱ्याची वस्तू.

घरी सरस्वतीने चित्र बघितलं आणि म्हणाली, "अहो, हे तर आपल्या यशूचं. वाचनालयातून भाड्याने आणायची. परत द्यायला तयार नव्हती, रडली होती."

मला आठवेना. मग थोडं आठवलं. तिसरी पाळी करून सकाळी कंपनीतून यायचो तेव्हा ती असल्या पुस्तकांवर डोकं ठेवून झोपलेली असायची. मी पुस्तक काढून घ्यायचो. कुठलं, ते कधी पाहिलं नाही.

सरस्वती म्हणाली, मग शेवट तिलाच विचारा की. आणि माझ्याकडे न बघता भांडी आवरायला लागली. तिचा डाव कळतो मला. शेवट विचारायचा म्हणजे फोन करायचा. फोन केला की ती तो विषय काढणार.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सेंटरवर बोलून बसलो! माझ्या मुलीने हे पुस्तक लहानपणी वाचलंय, एवढंच म्हणालो. परसराम मागेच लागला. वादाला आठवडाही झाला नाही, पण त्याच्या तोंडून ऐकलं तर जन्मभराचा खटला अडकलाय. लाव फोन, स्पीकरवर टाक. मी म्हणालो ती कामावर असेल. संध्याकाळी लाव. म्हणालो बघू. मग त्याने विचारलं, मुलीशी भांडलायस का? आणि मी — का कोण जाणे — सगळं सांगितलं. ती किडनी द्यायला बसलीय, मी तिचे फोन घेत नाही.

 

प्रज्वलच्या आईची किडनी त्याला जुळली नाही. दुसरं देणारं कोणी नाही, यादीत नाव घालून बसलाय. हे मला ठाऊक होतं, आणि तरी मी त्याच्यासमोरच बोललो. जीभ हासडून घ्यावीशी वाटली. तो पुस्तक चाळत होता.

"काका, तुम्ही शेवट तेवढा विचारा," म्हणाला. "बाकीचं तुमचं तुम्ही बघा."

रिक्षात बसल्यावरही तेच आठवत होतं. तो रागाने बोलला असता तर बरं झालं असतं.

१२ फेब्रुवारी

फोन हातात घेतला. ठेवला. आज तिच्या ऑफिसात काम जास्त असेल.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सेंटरवरून आल्यावर फोन केला. सरस्वती विहारात वंदनेला गेली होती, तेवढ्यात उरकला.

पहिली रिंग पुरी व्हायच्या आत तिने उचलला. घाबरली होती, काय झालं म्हणाली. मी म्हटलं काही झालं नाही, एका कॉमिकचा शेवट विचारायचा होता. तिने विचारलं, कुठलं. मी तृषासुराचं सांगितलं. मला वाटलं फोन कटला.

"तो मरत नाही, पप्पा," म्हणाली.

मग कसं करतात विचारलं.

"त्याला कोणीच मारू शकत नाही. मग ते त्याला एका आटलेल्या धरणात कोंडतात आणि दोघं पहारा देतात. पाळीपाळीनं. शिलाधर दमला की रजतपंख येतो."

"असं किती दिवस?"

"कायमचं. आपल्याकडे नाही का चाललंय? तुम्ही तिथे बसून असता, मम्मी पाणी मोजते, तुमचं बिनमिठाचं वेगळं करते. मला पण एक पाळी लावू द्या की, पप्पा."

कंपनीत कधी रसायनाचा रिअॅक्टर सोडून उठता येत नसे. पुढच्या पाळीचा माणूस आला, त्याने वहीवर सही केली, की मग आपण हातमोजे काढायचे. कधी बदली माणूस यायचा नाही, मग डबल करावी लागे. पण बदली माणूस समोर येऊन उभा आहे आणि आपण त्याला घरी पाठवतोय, असं आमच्यात कोणी केलं नाही. तो त्याचा अपमान. तू नीट चालवणार नाहीस असं तोंडावर सांगण्यासारखं.

"तपासणीपुरतं," मी म्हणालो.

ती रडत होती बहुतेक. सोमवारी सकाळी जायचं ठरलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सेंटरवर शेवट सांगितला. परसराम वैतागला. "ये क्या एंडिंग है? चौकीदारी करायला हिरो झाले?" असा शेवट छापणारी कंपनी बुडालीच पाहिजे, तशी ती बुडालीही. कुंदा सिस्टरना मात्र आवडला, ड्युटी लावली हे बरं केलं म्हणाल्या.

प्रज्वल विचारात पडला. असं कुठे ऐकलं नाही म्हणाला. फोनवर त्यांचा कॉमिकवाल्यांचा ग्रुप आहे, तिथे नागपूरच्या एकाकडे अख्खी प्रत आहे. त्याला पानांचे फोटो मागितलेत.

मग त्याला तपासणीचं सांगितलं. सांगताना खाली बघत होतो. त्याने मोकळ्या हाताने माझ्या खुर्चीच्या दांडीवर टकटक केलं, बस्स.

आता तपासणीची काळजी. तिचं रक्त जुळलं तर भीती, नाही जुळलं तर भीती. तिला काही दुसरंच निघालं तर?

१६ फेब्रुवारी, रविवार

प्रज्वलने फोटो पाठवले. शिलाधर तृषासुराला एकटा समुद्रात बुडवून मारतो. रजतपंख तोवर बेशुद्ध. धरण नाही, पहारा नाही, कुठल्याही पानावर पाळी नाही. परसराम जिंकला.

प्रज्वलला फोन करून सांगितलं, माझ्या मुलीला यातलं काही कळू द्यायचं नाही.

उद्या सकाळी ती मला हॉस्पिटलच्या गेटवर भेटणार. मी आधीच जाऊन उभा राहीन.