आली मेली लाइट

बाबा, तुमच्या गळ्याचं कौतुक ऐकून माझे कान किटलेत. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, तरी भिवंडीत कोणी ना कोणी भेटतं आणि तुमच्या भजनांची आठवण काढून हात जोडतं. मी मान डोलावते. भजनीबुवा होण्याआधी तुम्ही एक प्रेमाचं गाणं गायलं होतंत आणि त्यात तुमच्याहून गोड एक बाई गायली होती, हे त्यांच्या गावीही नसतं.

शेजारणीच्या कॅसेटवर ऐकून मी ते पाठ केलं होतं. बारा वर्षांची असेन. आई तांदळाच्या भाकऱ्या थापतेय, मी बाजूला बसून त्या बाईची ओळ गुणगुणतेय, आणि तुम्ही दारातून ओरडता, "ह्या घरात ते गाणं न्हाय पायजे!" बाई कोण, असं विचारलं तर म्हणालात, मुंबईच्या ऑर्केस्ट्रातली कोणीतरी पोरगी. आई तव्याकडे बघत राहिली. भाकरी करपली, त्यावरूनही तुम्ही तिलाच बोललात.

यंदा घर पाडायला काढलं, तेव्हा तुमच्या पत्र्याच्या पेटीत त्या गाण्याची मूळ कॅसेट सापडली. निजामपुऱ्यातल्या टेप दुरुस्त करणाऱ्याने ती मोबाइलवर घेऊन दिली. वीज गेली असताना पॉवरलूमच्या कारखान्याच्या माडीवर, बॅटरीच्या टेपवर भरलंत तुम्ही ते गाणं. एरवी त्या खडखडाटात काय ऐकू येणार? शेवटचं कडवं संपायच्या आत खालचे सगळे लूम एकदम सुरू होतात आणि बाई गाणं टाकून म्हणते, "आली मेली लाइट!" विकायच्या कॅसेटमधून एवढंच कापलं होतंत. ते 'मेली' मी जन्मभर ऐकलंय, मांजरीला, उतू गेलेल्या दुधाला, मला. दुकानात उभ्याउभ्या रडले मी.

आईला विचारलं. "व्हय, मीच," म्हणाली. "माजं नाव टाका, मी बोलले, तर म्हनाले, घरच्या बाईचं नाव बाजारात फिरवू काय?" लग्नात धवळे गायला बायका तिला हाताला धरून ओढायच्या, तेव्हा ती "घसा बसलाय" म्हणायची. चाळीस वर्षं बसलेला घसा. तो तुम्ही बसवलात, बाबा, आणि बाहेर लोकांना पाया पडू दिलंत. मला तुमचा राग येतो. तुम्ही मेलात म्हणून तो कमी करावा असं मला वाटत नाही.

ते गाणं मी इंटरनेटवर चढवलं, खडखडाटासकट. गायिका म्हणून आईचं पूर्ण नाव लिहिलं, गायकाची जागा कोरी ठेवली. तिने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि पदर तोंडाला लावून हसली. मग म्हणाली, "तुझ्या बापाचं न्हाय लिवलंस? लिव. गायलेत ना ते."

लिहिते म्हटलं. आठवडा झाला, अजून लिहिलेलं नाही.