सावलीतला बेदाणा

पुणे

आप्पा, तुम्हाला आणि आईला नमस्कार.

जेवण वेळेवर होतंय, काळजी नको. एआयमुळे कॉलेजातलं शिकणं कसं बदलतंय, त्या संशोधनासाठी रोज पोरांशी बोलते.

आज आपल्या तासगावचीच अबोली भेटली. तिनं निबंधात लिहिलेलं, बेदाणा कडक उन्हात वाळवतात. मी म्हटलं, "अगं, तुमची शेड हाय न्हवं? सावलीतच वाळवता ना?"

"व्हय. पण एआयनं उन्हात सांगितलं. मला वाटलं, आमचंच चुकत असंल."

तिला रागावले नाही. वाचताना क्षणभर मलाही आपल्या शेडची शंका आली होती.

आईचा गुडघा कसा आहे? आणि बेदाणा सावलीतच का वाळवायचा, ते तुमच्या हातानं सविस्तर लिहा. आप्पा, मी कधी विचारलंच नाही.

तुमची,
संयोगिता