चपलांच्या ढिगातला फोटो

तासगाव, २७ जानेवारी

ती. आत्यास,

फोटो साताऱ्यापर्यंत पोचला आहे आणि तुझे त्यावर तीन मेसेज आले आहेत. म्हणून नमस्कार आणि गुडघ्यांची चौकशी जरा मागे ठेवून, घडलं ते आधी क्रमाने लिहिते.

१. शनिवारी दुपारी मी रक्तदाबाचं यंत्र घेऊन बेदाण्याच्या शेडवर गेले.
२. तिथे संक्रांतीचं हळदीकुंकू चालू होतं.
३. मी सवाशीण आहे की नाही, यावर अकरा मिनिटं चर्चा झाली.
४. निकाल माझ्या बाजूने लागला.
५. त्यानंतर मी चपलांच्या ढिगात जाऊन बसले. फोटो तिथला आहे.

आता नमस्कार. गुडघे कसे आहेत? प्रभू तुला सांभाळतोच आहे, पण कॅल्शियमची गोळी त्याच्याकडे नाही, ती तुझ्याच कपाटात आहे. ती घेत जा. माझी तब्येत चांगली. इन्स्ट्रुमेंटेशन शिकलेली मुलगी नन झाली की पदवी वाया जाते, असं तू म्हणाली होतीस. तसं काही नाही. मठातलं जे यंत्र बिघडेल ते माझ्याकडे येतं (मिक्सर, इन्व्हर्टर, चॅपलमधला माइक, माइक दर रविवारी, आणि तोही प्रवचनाच्या वेळीच). दर शनिवारी शेडमधल्या बायकांचा रक्तदाब मोजते. त्या दिवसभर बसून बेदाणा निवडतात, आणि माझं यंत्र हाताला आवळलं की एकमेकींना चिमटे काढतात, त्यामुळे आकडे दोनदा घ्यावे लागतात.

शेडच्या मालकीण दीपमालावहिनींनी बायकांसाठी तिथेच हळदीकुंकू ठेवलं होतं. मी शिरले तशी सगळ्यांनी मला ओढून रांगेत बसवलं. वहिनी करंडा घेऊन माझ्यासमोर आल्या आणि थांबल्या. माझ्या गळ्यात मंगळसूत्र नाही, पण बोटात व्रताची अंगठी आहे. पेच खरा होता. शेवटी आक्काताईंनी सूत्रं हातात घेतली (वय अठ्ठ्याहत्तर, जैन, रात्रीचं जेवत नाहीत, कुणाचं ऐकतही नाहीत). मालक कोण तुमचं, असं त्यांनी विचारलं. प्रभू येशू, म्हटलं. मग हायत का गेलं, हा पुढचा प्रश्न. मी विचारल्याचं नेमकं उत्तर देणारी. म्हटलं, क्रुसावर मरण पावले.

वहिनींनी करंड्याचं झाकण लावलं. एक-दोघी हळहळल्या. इतक्या लहान वयात, असंही कुणी म्हणालं. माहिती अर्धवट दिली की यंत्राचं वाचन चुकतं, हे मला पहिल्या वर्षाला शिकवलं होतं. म्हणून मी घाईने पुढचं सांगितलं, की तिसऱ्या दिवशी उठले. यावर चर्चा सुरू झाली. गेलेला नवरा परत आला तर आधीचं धरायचं की नंतरचं? लष्करातल्या एका बेपत्ता जवानाचा दाखला निघाला. तेवढ्यात दाराबाहेरून आवाज आला, "उठून आला म्हंजे हायच की वं! लावा त्या पोरीला कुंकू."

सगळ्या हसल्या आणि निकाल लागला. पण निकाल देणाऱ्या राहीबाई चपलांपाशी बसल्या होत्या, बाकीच्यांची पोरं सांभाळत. एरवी त्यांची जागा निवडण्याच्या टेबलाला पहिली असते. करंडा निघाला तशा त्या आपण होऊन उठून बाहेर गेल्या होत्या; कुणी जा म्हटलं नव्हतं, कुणी थांबा म्हटलं नव्हतं. दहा मिनिटं त्या तिथे होत्या आणि मी, मिशनरी, पाहिलंच नव्हतं. मी माझीच केस लढवत होते.

मग मी उठून त्यांच्याशेजारी बसले आणि (आत्या, हसू नकोस) श्रद्धेने सांगितलं, की फक्त प्रभूच नाही, एक दिवस सगळेच उठतील, तुमचे मालकसुद्धा.

राहीबाईंनी हात जोडले. "नगं बाई. लय मारायचा. झोपू द्या त्याला."

माझं सगळं धर्मशिक्षण तिथे संपलं. शेड हसून हसून आडवी झाली. फक्त आक्काताई हसल्या नाहीत. त्या वहिनींना म्हणाल्या, "दीपे, तो जित्ता हुता तवा हिला सुख न्हाई, मेल्यावरबी त्याच्याच नावानं भाईर बसायचं व्हय गं?"

वहिनी करंडा घेऊन दारात आल्या, चपला ओलांडून. आधी मला, मग राहीबाईंना. त्यांचं बोट मध्येच थांबलं. राहीबाईंनी डोळे गच्च मिटले होते, इंजेक्शन घेताना मिटतात तसे. मग लावलं. वाण म्हणून दोघींना एकेक स्टीलचा डबा मिळाला; फोटो त्याच वेळी कुणीतरी काढला. राहीबाईंचा रक्तदाब त्यानंतर १६४ बाय ९६ आला. मी तो नोंदवला नाही. ते रक्तदाबाचं वाचन नव्हतं.

माणसाच्या प्रतिष्ठेवर मी नवदीक्षितांच्या वर्गात चाळीस पानं लिहिली होती. नवऱ्याच्या असण्या-नसण्याचा त्यात कुठेही हिशेब नव्हता, हे बरोबर. पण चपलांपाशी कोण बसलंय ते आधी पाहावं, हेही त्यात नव्हतं.

तुझी,
सृष्टी

ता. क. मठाच्या सुपिरियर सिस्टरनी फोटो पाहिला. कुंकवाबद्दल काही बोलल्या नाहीत. शेडवर आणखी कोण बाहेर बसतं, एवढंच विचारलं.

ता. क. २. फोटोचा खुलासा हे निमित्त होतं. दादाच्या हळदीच्या दिवशी तू स्वयंपाकघर सांभाळणार आहेस, असं त्याने कळवलं. सहा वर्षांपूर्वी फिलीपमामा गेले तेव्हापासून प्रत्येक लग्नात तू स्वयंपाकघरच सांभाळते आहेस. स्वयंपाकाला आचारी सांगितला आहे, मी चौकशी केली. राहीबाईंचं कारण तुला लागू नाही. तुझे मालक उठून आले तर तू त्यांना आधी चहा विचारशील. दादाला पहिली हळद तू लावायची. लावणार की नाही, ते पाच फेब्रुवारीपर्यंत कळव.